निडी ते पेण : तीन वाल

पेण,
१६ जून २०२५

आत्या,

हे पत्र विठूकाकाच्या पिशवीत डब्याखाली ठेवते आहे. डबा घासायला काढलास की हाताला लागेल. फोन केला असता, पण फोनवर मी घाई करते आणि अर्धं पोटातच राहतं, असं तूच म्हणतेस. शिवाय लाल पेनाने चुका काढून तू पत्र परत पाठवतेस, त्याशिवाय मला लिहिल्यासारखं वाटत नाही. तुझ्यासमोर ताटातल्या कोंड्यावर अक्षरं गिरवून जी थेट तिसरीत बसली, तिला दुसरा मास्तर कुठून पटणार?

आज काकाचा केंद्रातला पहिला दिवस. शेजारच्या प्रदीपने त्याला गाडीतून उतरवून फाटकापर्यंत आणलं आणि मग तो कंपनीत गेला. मी रात्रभर विचार करत होते की काका रडेल, किंवा मला सगळ्यांसमोर 'दर्शू' म्हणेल. रडला नाही. दर्शू मात्र म्हणाला.

इथे चौदा जण येतात. सगळे अठराच्या पुढचे. विशेष मुलांच्या शाळेत अठरापर्यंत जाता येतं, पुढे ज्याला त्याला घरच्या ओटीवर बसवतात. म्हणून हे दिवसाचं केंद्र. मागच्या वर्षी मी इथे लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी 'ही मुलं' असं म्हणाले. केंद्र चालवणाऱ्या अनिताताई म्हणाल्या, "दत्तात्रेय एकोणपन्नास वर्षांचा आहे. त्याला मूल म्हणतेस, तर मला काय तान्ही म्हणशील?" तेव्हापासून मी 'मंडळी' म्हणते.

मंडळींचं मुख्य काम तुझंच आहे: वाल निवडायचे, भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचे आणि पाव-पाव किलोच्या पिशव्या भरायच्या. पेणच्या बायकांना बिरडं हवं असतं, सोलायला वेळ नसतो. काकाने सूप पाहिलं आणि कुणी न सांगता मांडी घातली. मी निवडलेल्या सुपातून त्याने दोन किडके दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. म्हणाला, "टाक. अक्का मारील."

अक्का तू. सगळे हसले. मी वर्षभर निवडते आहे गं, आणि पहिल्यांदाच कुणी माझी चूक काढली.

तुझी,
दर्शना

*

निडी,
१९ जून

दर्शना,

तुझं पत्र डब्याखाली नाही, डब्यात सापडलं. विठूने भाजीत ठेवलं होतं. वास आला, पण पोचलं.

त्रेचाळीस वर्षं जो ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'जेवलास काय' विचारायचा, तो आता सकाळी सहाला पिशवी खांद्याला लावून दारात उभा असतो. समोरचा गुणाजी विचारतो, "विठू, खय चाललास?" हा म्हणतो, "डूटी हाय." अख्ख्या आळीत डूटी झाली आहे.

तुझ्या दोन किडक्या दाण्यांचं ऐकून मला लाज वाटली. माझ्या घरात किडका वाल कधी भांड्यात गेला नाही. एरंडेल चोळून, राखेत ठेवून, आणि वर पुन्हा डोळ्यांखालून घालून मगच. विसरू नको.

लाल पेन संपलं आहे, म्हणून पत्र सध्या ठेवून घेते. लाईटचा जोरही हल्ली कमी असतो. विठूच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, ते लावलं आहे. रविवारी येत जा म्हटलं तर तुझा पनवेलचा क्लास. बरं आहे, शिक.

आत्या

*

पेण,
३० जून

आत्या,

शर्टाचं बटण पाहिलं. पांढऱ्या शर्टाला लालभडक दोरा! साईराज म्हणतो ही नवी फॅशन आहे. साईराज म्हणजे आमचा गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ असलेला. काका दिवसभर छाती काढून फिरतो आहे.

मागचं पत्र तू लाल खुणा करून परत पाठवलं नाहीस. पेन संपलं म्हणतेस, मी मात्र सुधारले असं समजते.

आता काळजीचं. प्रदीप सकाळी भेटला. पुढच्या आठवड्यापासून त्याची दुपारची शिफ्ट. म्हणजे काकाला आणायला कुणी नाही. तू आणशील म्हणावं, तर तुझे गुडघे. मी निडीहून ये-जा करावी, तर इथे साडेसातला दार उघडायचं माझ्याकडे आहे. श्रावण तोंडावर आला आहे, मागणी दुप्पट होणार, आणि काकासारखे निवडणारे हात आमच्याकडे दुसरे नाहीत. पण हे कारण मी आधी लिहिलं याची मला लाज वाटते. खरं कारण असं की गुरुवारी सुट्टी होताना त्याने सगळ्यांची सुपं भिंतीला टेकवून ठेवली आणि मला विचारलं, "उद्या हाय ना?" त्याला आजवर असं कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

केंद्रात एक तक्ता असतो. प्रत्येकाच्या नावापुढे जेवण, कपडे, रस्ता, पैसे, प्रवास. आणि पुढे तीन खाने: 'स्वतः', 'मदतीने', 'अयोग्य'. काकाचा प्रवासाचा खाना कोरा आहे. काय भरू?

दर्शना

*

निडी,
४ जुलै

दर्शना,

'स्वतः' भर.

तू आठ वर्षांची होतीस तेव्हा मी तुला निडीहून रोह्याला एकटी गाडीत बसवली होती. तेव्हाही तू रडून गाव गोळा केलं होतंस आणि परत येताना शेंगदाणे खात उतरलीस.

विठूला पाटी वाचता येत नाही, तर नाही. त्याला वाल कळतो. मी काय केलं ते ऐक. त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशात तीन वाल घालते. नागोठणे आलं की एक वाल उजव्या खिशात. कासू आलं की दुसरा. पेण आलं की तिसरा, आणि डावा खिसा रिकामा झाला की उतरायचं. येताना उलट. खिसे दोन हवेत म्हणून जुन्या शर्टांना उजवीकडे एकेक खिसा शिवून घेतला, आळीतल्या वैशालीकडून.

तीन दिवस प्रदीप त्याच डब्यात मागे बसून पाहत होता. एकदाही चुकला नाही. गाडी मधेच सिग्नलला थांबली तेव्हा हात खिशाला लावला नाही, फलाट दिसल्यावरच लावला. प्रदीपच म्हणाला, "आत्ये, ह्यो तर गार्ड हाय."

सोमवारपासून तो एकटा येईल. फाटकात उभी राहून वाट पाहू नकोस, त्याला वाईट वाटतं.

आत्या

*

पेण,
१६ जुलै

आत्या,

हे कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते.

सहा दिवस काका एकटा आला आणि एकटा गेला. मी फाटकात उभी राहत नव्हते, खिडकीतून पाहत होते. काल मात्र गाडी गेली, साईराजने "गाडी वेळेवर होती" असं दोनदा सांगितलं, आणि काका आला नाही. मी स्टेशनपर्यंत धावत गेले. फलाट रिकामा. परत आले, पुन्हा गेले. अनिताताईंनी फोन सुरू केले. दोन तासांनी एक भाजीवाली त्याला फाटकात सोडून गेली. तो कासूला उतरला होता. तिचं नाव मी विचारलं नाही, आभारही मानले नाहीत. मी काकावर ओरडले. सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "संपले ना," आणि डावा खिसा उलटा करून दाखवला. हातात तिने दिलेलं एक शिराळं होतं, ते त्याने सुपात ठेवलं.

संध्याकाळी मीच त्याला निडीपर्यंत आणलं. घरी आले नाही, समोरच्या गाडीने परत फिरले. तुला तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

केंद्राने असं ठरवलं आहे की सोबत असल्याशिवाय काकाने येऊ नये. तक्त्यात तशी नोंद झाली आहे. मला वाईट वाटतं, पण रुळांजवळ काही झालं असतं तर?

दर्शना

*

निडी,
२२ जुलै

दर्शना,

हे पत्र टपालाने येतं आहे, कारण आणणारा घरी बसला आहे.

तीन वाल मी स्वतः मोजून घातले होते. बोटांनी मोजले. तीनच होते. विठूला एक-दोन-तीन येतं, तुझ्या आधीपासून येतं. कोंड्याच्या ताटात तुम्ही दोघे समोरासमोर बसायचात आणि तो तुझा 'तीन' पुसून नीट काढून द्यायचा. तू विसरली असशील.

तो रोज सकाळी सहाला पिशवी लावून दारात उभा राहतो. गुणाजी विचारतो, तर हा पिशवीचा बंद ओढत राहतो. नवाला पिशवी खुंटीला लावतो आणि ओटीवर बसतो. 'जेवलास काय' आता कुणालाच विचारत नाही.

'केंद्राने ठरवलं' असं लिहिलं आहेस. केंद्राला हात असतात काय लिहायला?

आत्या

*

पेण,
२७ जुलै

आत्या,

नोंद मी केली. अनिताताई म्हणाल्या होत्या, आठ दिवस थांबू, आधी काय झालं ते समजून घेऊ. पण मी त्याच संध्याकाळी 'अयोग्य' या खान्यात खूण केली, शाईच्या पेनाने. घाबरले होते, आणि घाबरल्याचं कुणाला कळू नये म्हणून तक्त्यामागे लपले. तुझ्या शेवटच्या ओळीने चार दिवस जेवण गेलं नाही.

म्हणून आज क्लास बुडवला आणि कासूला गेले. नोंदीत 'कारण' असाही एक रकाना आहे, तो मी कोरा ठेवला होता. कोरा ठेवून खूण करणं हे खोटं लिहिण्यासारखंच झालं.

भाजीवाली फलाटाबाहेर भेटली. शांती तिचं नाव. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, "पाया नको गो, शिराळी घे."

मी विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं.

"काय व्हनार? गाडीतून उतरला नि हितं बसला. घाबरला नाय बिलकूल. म्हनला, पेन आला. मी म्हनलं, बाबा, ह्ये कासू. तर खिसा दाखवतोय. म्हनला, तीन होते, एक किडका होता, निडीलाच टाकला."

मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

"मी हसले गो. म्हनलं, किडका होता तर होता, ठेवायचा ना खिशात. तर माझ्यावरच डोळे वटारले. म्हनला, किडका ठेवत नसतात. गळ्यात कारड होतं, पन मला कुठं वाचता येतंय. मंग फुडच्या गाडीनं मीच आनला. शहाना मानूस हाय तुमचा. माझ्या पाटीतली दोन शिराळी सडकी होती, ती बी काढून दिलीन."

आत्या, मी फलाटावरच्या बाकावर बसले. तीनातला एक किडका म्हणून टाकला. उरले दोन. नागोठणे एक, कासू दुसरा, खिसा रिकामा, उतरला. त्याने तू शिकवलेली एकही गोष्ट चुकवली नाही. उलट दोन्ही पाळल्या.

मग दुसरा विचार आला, आणि तो मला आवडला नाही. तुझ्या हातून किडका वाल त्याच्या खिशात गेलाच कसा? ज्या बाईने मला एका भोकाच्या दाण्यासाठी पूर्ण पायली पुन्हा निवडायला लावली होती, तिच्या हातून?

पांढऱ्या शर्टाला लाल दोरा. बोटांनी मोजलेले वाल. संपलेलं लाल पेन. आणि तुझं शेवटचं पत्र मी आता समोर धरलं आहे: अक्षरं बोराएवढी, ओळी उतरत उतरत कोपऱ्यात गेलेल्या. मला वाटलं होतं, रागाने.

तुला दिसत नाही का गं?

मला रागाव, पण खरं लिही.

दर्शना

*

निडी,
३१ जुलै

दर्शना,

उजव्याने धुरकट. डाव्याने त्याहून. मोतीबिंदू आहे, रोह्याला दाखवलं होतं मागच्या साली. ऑपरेशन करा म्हणाले.

केलं नाही. मी दवाखान्यात पडले तर विठूला कोण बघणार? आणि तुला कळवलं असतं, तर तू नोकरी सोडून घरी आली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, मीच घडवला आहे.

किडक्या वालाचं वाचून घेतलं वैशालीकडून. दोनदा वाचायला लावलं. मग विठूला विचारलं, "बोलला का नाहीस मला?" तर उठून ओटीवर जाऊन बसला.

चूक माझी होती आणि ओटीवर तो बसला. हे मला सहन होत नाही. तू म्हणशील त्या दिवशी ऑपरेशनला पेणला येते. पण एक अट: मला तिथे विठू आणेल. दुसरं कुणी नाही.

आत्या

*

पेण,
५ ऑगस्ट

आत्या,

हे पत्र पुन्हा काकाच्या पिशवीत. डब्यात जाऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलं आहे.

अनिताताईंनी बंदी उठवली आणि काल तो आला, सकाळच्या गाडीने, एकटा. वैशालीने दाणे तपासून घातले होते, तरी निडीच्या फलाटावर त्याने ते स्वतः पुन्हा पाहिले, असं प्रदीप म्हणाला. मी सगळ्यांसमोर ओरडले होते, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागितली. काका म्हणाला, "जेवलीस काय?" आणि सुपाला बसला. श्रावणातल्या मागणीने आमची तारांबळ उडाली होती. त्याने दुपारपर्यंत सगळी सुपं पुन्हा तपासली आणि माझ्या तळहातावर सतरा किडके दाणे ठेवले. सतरा! वीस दिवस आम्ही पेणला काय खाऊ घालत होतो देव जाणे.

तक्ता मी पुन्हा लिहिला. 'कारण' या रकान्यात काय झालं ते पूर्ण लिहिलं, माझी घाईसुद्धा. मग एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती. पान काकासमोर धरलं आणि विचारलं, "एकटा येशील? की सोबत हवी?" त्याने पान हातात घेतलं. आत्या, वर्षभर मी हे तक्ते भरते, पण ज्याचा तक्ता त्याला कधी विचारलं नव्हतं. म्हणाला, "एकटा. अक्काला मी आनीन." 'स्वतः' या खान्यात त्यानेच खूण केली. खान्याबाहेर गेली थोडी. अनिताताई म्हणाल्या, बाहेर गेली तरी कुठल्या खान्यातली आहे ते कळतं आहे.

दवाखान्याची तारीख ११ ऑगस्ट, सोमवार. स्टेशनवर मी येणार नाही, फाटकातही उभी राहणार नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसेन. तेवढं चालेल ना? पुढचे आठ दिवस रजा घेतली आहे, निडीला येते. नोकरी सोडून नाही, रजा घेऊन. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी शिकले.

दर्शना

*

निडी,
२४ ऑगस्ट

दर्शना,

डॉक्टरांनी एक पान लिहायला परवानगी दिली आहे. प्रदीपने लाल पेन आणून दिलं. तुझी जूनपासूनची सगळी पत्रं सोबत परत पाठवते आहे. सुधारली वगैरे काही नाहीस. पहा.

अकरा तारखेचं मी तुला नीट सांगितलंच नव्हतं. निडीच्या फलाटावर विठूने माझी मूठ उघडली आणि तीन वाल ठेवले. म्हणाला, "अक्का, फलाट आला की मला एक दे. हरवू नको." मी त्याला त्रेचाळीस वर्षं हात धरून नेलं, आणि त्या दिवशी मूठ घट्ट आवळून खिडकीशी बसले होते, पहिल्यांदा गाडीत बसल्यासारखी. नागोठण्याला दिला. कासूला तुझी ती शांती डब्यात चढली आणि ओरडली, "आज कोनाला घेऊन चाललास रे?" तर हा म्हणाला, "बयनीला. डोल्याचं काम हाय." दुसरा दिला. तिसरा दिला तेव्हा त्याने पिशवी घेतली, मला उतरवलं, आणि दवाखान्याच्या पायरीवर तू बसलेली मला दिसली नाहीस, त्याने सांगितलं, "दर्शू रडतेय, लक्ष देव नको."

आता नवीन. तू गेल्यावर काल मी घर झाडायला घेतलं. वाकायचं नाही, माहीत आहे. काठीला केरसुणी बांधली होती. विठूच्या खाटेखालून एक डबा निघाला, बिस्किटांचा, जुना. आत वाल. सगळे किडके. दर्शना, शेरभर असतील.

मी त्याला विचारलं, हे काय. तो खाली मान घालून उभा राहिला, लहानपणी दूध सांडल्यावर राहायचा तसा. मी निवडून सूप ठेवलं, की तो माझ्यामागून पुन्हा निवडायचा. मी झोपले, की पाणी आणायला गेले, की. टाकून दिले असते तर उकिरड्यावर मला कुणी दाखवले असते, म्हणून डब्यात. कधीपासून, विचारलं. म्हणाला, "गनपतीपासून." मागच्या गणपतीपासून! रोह्याच्या डॉक्टरच्या आधी.

म्हणजे मला दिसत नाही हे घरात मला कळायच्या आधी त्याला कळलं होतं. मी तुझ्यापासून लपवत होते, आणि तो माझं लपवलेलं सांभाळत होता. "मला सांगायचं नाय काय रे?" म्हटलं. तर म्हणाला, "तू रडली असतीस."

मग मी रडले, पण डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नको म्हटलंय, म्हणून लवकर आवरलं.

गणपतीला ये. डावा डोळा दिवाळीनंतर, विठूने तारीख विचारली आहे. उद्या तो सकाळच्या गाडीने येईल. आज संध्याकाळी मी चांगले डोळ्यांखालून घालून तीन वाल निवडले आणि त्याच्या शर्टाच्या खिशात घालायला गेले. त्याने माझा हात धरला, दाणे काढून घेतले आणि भिजत घातलेल्या पातेल्यात टाकले.

म्हणाला, "बिरड्याला व्हतील. तीनच तर ठेसनं हायत."

आत्या